डच रो हाऊस: घर खणखणीत, बोलीची घाई महाग

अ‍ॅम्स्टलफेन, आइंडहोवन, अल्मेरे, उट्रेख्तची उपनगरं. नेदरलँड्समध्ये मराठी कुटुंबं जिथे जिथे घर शोधतात तिथे फिरून फिरून एकच माल समोर येतो: १९६५ ते १९८५ च्या दरम्यान बांधलेलं, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे चार पावलांचं अंगण, मागे बाग आणि बागेच्या टोकाला सायकलींची खोली. नाशिक-पुण्यात ज्याला रो हाऊस म्हणतात तेच, फक्त जिना दुप्पट उभा. तळमजल्यावर पुढच्या खिडकीपासून मागच्या दारापर्यंत आरपार बैठकीची खोली, वर तीन शयनकक्ष, त्यावर उतरत्या छपराखाली माळा. एकूण ११० ते १२५ चौरस मीटर.

माल म्हणून हे घर चांगलं आहे. नकाशा सुटसुटीत, उजेड भरपूर, सुटे भाग कुठेही मिळतात, आणि एकाच साच्यातली पन्नास घरं ओळीने उभी असल्यामुळे त्यांची दुखणीही ठरलेली असतात. वाईट आहे ती विकण्याची पद्धत. पंधरा-वीस मिनिटांची भेट, मग दोन-तीन दिवसांत बंद पाकिटातली बोली. त्या दोन-तीन संध्याकाळी बहुतेक लोक ‘मागितलेल्या किमतीच्या किती वर जायचं’ एवढ्या एकाच हिशोबात घालवतात. त्याच संध्याकाळी फुकटात किंवा फार तर काही युरोंत सरकारी नोंदींमधून घराची निम्मी कुंडली मांडता येते.

आधी कुंडली

फुंडा या घरविक्रीच्या संकेतस्थळावरच्या जाहिरातीतला पत्ता घ्या आणि चार ठिकाणी टाका. इमारतींच्या सरकारी नोंदवहीत, म्हणजे बीएजी (BAG) व्ह्यूअरमध्ये, बांधकामाचं वर्ष आणि वापरायोग्य क्षेत्रफळ फुकट दिसतं. जाहिरातीतल्या आकड्याशी ते जुळत नसेल तर बहुधा माळा कारणीभूत असतो: छपराची उंची दीड मीटरपेक्षा कमी आहे तो भाग मोजणीत धरत नाहीत.

दुसरं, वोझ मूल्य. घरपट्टीसाठी नगरपालिका दरवर्षी ठरवते ते हे मूल्य. आदल्या वर्षाच्या १ जानेवारीचा भाव त्यात असतो, त्यामुळे ते बाजारापेक्षा मागे चालतं. एका घराचं मूल्य पाहून काही कळत नाही, ओळीतल्या दहा घरांचं पाहा. सारख्या साच्यातलं एखादंच घर बरंच स्वस्त दाखवत असेल तर तिथे काहीतरी आहे. मागच्या बाजूला खोली वाढवलेली नसेल, नाहीतर पालिकेला एखादा दोष माहीत असेल.

तिसरं, ऊर्जा लेबल, म्हणजे घर ऊर्जा किती वाचवतं ते एका अक्षरात सांगणारा दाखला. अक्षराइतकीच तारीखही पाहा. २०२१ च्या आधीची लेबलं घरमालकाने ऑनलाइन भरलेल्या मोजक्या उत्तरांवरून मिळत. त्यानंतरची लेबलं तपासनीस घरात येऊन मोजमाप करून देतो. लेबल १० वर्षं चालतं, म्हणून २०१७ चं ‘बी’ आजही जाहिरातीत झळकतं. नव्या पद्धतीने मोजलं तर ते ‘सी’ किंवा ‘डी’ निघू शकतं. चांगल्या लेबलाच्या घराला बँक थोडं जास्त कर्ज देते, त्यामुळे हे अक्षर थेट तुमच्या बोलीत उतरतं.

चौथं, काडास्टर, म्हणजे इथलं भूमी अभिलेख कार्यालय. आपल्या सातबाऱ्याची सवय असलेल्याला हे कागद फार सोपे वाटतील. जमीन मालकीची आहे की पालिकेकडून भाडेपट्ट्याने, आधीचा व्यवहार कितीला झाला, मागच्या बोळातून जाण्याचा हक्क कुणाकुणाला आहे, हे सगळं तिथे असतं. अ‍ॅम्स्टरडॅम शहराच्या हद्दीत भाडेपट्टा सर्रास आढळतो. तिथे एकच प्रश्न विचारायचा: पट्ट्याचं भाडं किती सालापर्यंत आगाऊ भरलंय? ‘२०२८ पर्यंत’ असं उत्तर आलं तर दिसते ती किंमत खरी किंमत नाही.

दारातल्या पायपुसण्याखाली

या घरांचं सगळ्यात महाग दुखणं बैठकीत दिसत नाही. मुख्य दारातून आत शिरताच पायपुसणं उचला. खाली लाकडी झाकण असतं आणि त्याखाली अर्धा-पाऊण मीटर उंचीची पोकळी, जिथून पाण्याचे आणि गटाराचे पाइप जातात. १९६५ ते १९८१ या काळातल्या बऱ्याच घरांत तळमजल्याच्या फरशीसाठी कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे तयार भाग वापरले. क्वाइटाल आणि मान्टा ही त्यांची दोन नावं. काँक्रीट लवकर घट्ट व्हावं म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालत. तेच क्लोराइड आतली सळई गंजवतं, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. खालची पोकळी दमट असेल तर हे झपाट्याने होतं.

वरून काहीही कळत नाही. लॅमिनेट चकचकीत असतं. खाली उतरून विजेरी मारली की फरशीच्या खालच्या बरगड्यांवर तपकिरी डाग, लांबीच्या दिशेने गेलेल्या चिरा, कुठे कुठे उघडी सळई दिसते. सुरुवातीच्या अवस्थेत पोकळी कोरडी ठेवून, हवा खेळती करून आणि आधार देऊन भागतं. पुढे गेलं असेल तर तळमजल्याची फरशीच बदलावी लागते, म्हणजे स्वयंपाकघरासकट सगळं उचकटायचं. या काळातलं घर असेल तर खरेदीआधी घर तपासायला बोलावलेल्या तपासनिसाला आधीच सांगून ठेवा की पोकळीत उतरायचंच आहे. झाकणावर कपाट ठेवलेलं असेल तर ते हलवून द्यायला विक्रेत्याला सांगा. ‘झाकण उघडता आलं नाही’ असा शेरा असलेला अहवाल तुमच्या उपयोगाचा नाही.

पायाचा प्रश्न गावागणिक बदलतो. आइंडहोवनकडे वाळूची जमीन, तिथे उथळ पायाही चालतो. पश्चिमेकडे खाली चिकणमाती आणि पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची दलदली माती. तिथे १९७० च्या आसपासपर्यंत बरीच घरं लाकडी खुंटांवर उभी केली गेली. खुंट पाण्याखाली असतो तोवर शंभर वर्षं टिकतो. भूजल खाली गेलं, डोकं उघडं पडलं की कुजतो. झानस्टाड, रॉटरडॅम, खाउडा, डॉर्डरेख्त इथलं जुनं घर असेल तर पालिकेकडे पायाच्या तपासणीचे कागद आहेत का, हे बोलीच्या आधी विचारा. आणि फक्त या घराचे नकोत, सगळ्या ओळीचे हवेत. खुंट आणि भिंती शेजाऱ्यांशी जोडलेल्या असतात, त्यामुळे एकट्याने दुरुस्ती करता येत नाही, आणि शेजारी तयार नसेल तर काम वर्षानुवर्षं रखडतं. साधा घरविमा पाया खचण्याचा खर्च सहसा देत नाही.

बाकीचं थोडक्यात. १९६० च्या आधीच्या घरात शिशाचे पाणीपाइप असू शकतात, लहान मूल असेल तर हे आधी बघा. १९३० च्या दशकातली घरं देखणी, पण लाकडी तक्तपोशीमुळे शेजारचा पियानो रोज ऐकायची तयारी ठेवा. बॉयलरवरचं वर्ष वाचा. पंधराच्या पुढे गेला असेल तर बदलीचा खर्च धरा. बॉयलर मालकीचा आहे की भाड्याचा, हेही विचारा. भाड्याचा असेल तर करार तुमच्या नावावर येतो. सौर पॅनलचंही तसंच, आणि एक जास्तीचं: छतावरची वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करण्याची सवलत १ जानेवारी २०२७ पासून संपते. ‘बारा पॅनल, वीजबिल शून्य’ अशा जाहिरातीचे पैसे मोजू नका.

बाग

मराठी खरेदीदार बागेला सगळ्यात जास्त भुलतो आणि सगळ्यात कमी तपासतो. ठरावीक बाग पाच-सहा मीटर रुंद, दहा-बारा मीटर खोल. पहिला प्रश्न दिशेचा. इथे डिसेंबरमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४-१५ अंश वर येतो. दोन मीटरच्या कुंपणाची सावली तेव्हा साडेसात मीटरच्या पुढे जाते आणि नऊ मीटर उंच घराची तर तीस मीटरच्याही पलीकडे. म्हणजे घराच्या उत्तरेला बाग असेल तर हिवाळाभर तिथे उन्हाची तिरीपही नाही, फरशीवर शेवाळ. जूनमध्ये तीच घराची सावली पाच मीटरवर येते आणि बागेचा मागचा अर्धा भाग छान उजळतो. विक्रेते भेटी उन्हाळ्यात ठेवतात त्यात काही नवल नाही. दक्षिण किंवा पश्चिमेची बाग महाग मिळते आणि ते पैसे वाजवी आहेत. उत्तरेची बाग स्वस्तात मिळत असेल आणि मागे बारा मीटर खोली असेल तर तीही वाईट नाही, बसायची जागा टोकाला करायची.

दुसरा प्रश्न हद्दीचा. काडास्टरच्या नकाशावरची रेघ आणि प्रत्यक्ष कुंपण यांत अनेकदा अर्धा-एक मीटरचा फरक निघतो. मागच्या मालकाने पालिकेची हिरवी पट्टी हळूच आत घेतलेली असते. ती पट्टी तुम्ही विकत घेत नाही आहात, पालिका ती परत मागू शकते. जाणूनबुजून केलेल्या अतिक्रमणालाही २० वर्षांनंतर मुदत उलटल्याचा कायदेशीर आधार मिळतो, पण ते सिद्ध करायला जुने फोटो आणि वकील लागतो. करारात क्षेत्रफळ काडास्टरचंच लिहून घ्या आणि पट्टीला शून्य किंमत द्या.

झाडांचे नियम पक्के आहेत: स्थानिक नियमात सूट नसेल तर मोठं झाड हद्दीपासून दोन मीटर, कुंपणाची झुडपं अर्धा मीटर. मागच्या बाजूला दोन मीटरपर्यंतच्या कुंपणाला परवाना लागत नाही, पुढच्या अंगणात मर्यादा एक मीटरची. बागेच्या टोकाच्या खोलीचं छप्पर करड्या लाटदार पत्र्याचं असेल आणि घर १९९३ च्या आधीचं असेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉस समजून चला. स्क्रूने बसवलेले, न तुटलेले पत्रे ३५ चौरस मीटरपर्यंत घरमालकाला पालिकेला कळवून स्वतः काढता येतात. तुटलेले असतील तर परवानाधारक माणूसच लागतो आणि खर्च उडी मारतो. जपानी नॉटवीड दिसलं, म्हणजे बांबूसारखी पोकळ, लालसर ठिपक्यांची कांडी आणि पंज्याएवढी पानं, तर घर सोडलं तरी चालेल. तिची मुळं काढता काढता दोन-तीन वर्षं जातात.

पीटच्या जमिनीवर बागच खचते. घर खुंटांवर जागेवर राहतं आणि बाग खाली जाते, त्यामुळे मागच्या दाराला एका पायरीच्या दोन पायऱ्या झालेल्या दिसतात. खचणाऱ्या मातीत गटाराचा पाइप घराच्या भिंतीपाशी तुटतो. दारापाशी फरशी नव्याने घातलेली दिसली तर ‘किती वर्षांपूर्वी भर घातली होती?’ हा प्रश्न विचारायचा. वर नुसती जड फरशी टाकून उंची वाढवली तर वजनाने ती आणखी खचते.

मेथी-कोथिंबीर एप्रिल ते सप्टेंबर झकास येते. मिरची, भेंडी, दुधी मे मध्यापर्यंत बाहेर काढू नका. ११ ते १५ मे या दिवसांपर्यंत हिमकणांची भीती असते, असं इथले शेतकरी धरतात. तुळस आणि कढीपत्ता कुंडीतच, ऑक्टोबरात खिडकीशी.

फोडणीचा प्रश्न

मराठी घरासाठी हा मुद्दा छोटा नाही, पण जाहिरातीत कधीच नसतो. या ओळीतल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांची हवा एकाच सामाईक यंत्रातून, माळ्यावरच्या पंख्याच्या डब्यातून, बाहेर जाते. मोटर असलेला एक्झॉस्ट हूड त्या नळीला जोडायचा नसतो. जोडला तर हिंग-मोहरीचा धूर दाबाने न्हाणीघरात आणि शयनकक्षात शिरतो. दोनच मार्ग: स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीतून किंवा छपरातून स्वतंत्र नळी, नाहीतर कोळशाच्या फिल्टरचा फिरता हूड. तळणाच्या घरात फिरत्या हूडचा फिल्टर वेळच्या वेळी बदलावा लागतो. स्वयंपाकघर मागच्या भिंतीला लागून असलेलं घर त्यामुळे आपल्याला जास्त सोयीचं. गॅस काढून इंडक्शन घ्यायचं असेल तर मीटरच्या कपाटात डोकावून एक फेज आहे की तीन ते पाहा.

विकत घेतलेल्या सेवा: कोण पैशाला जागतो

तपासनीस: चारशे ते सहाशे युरो. या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची सेवा. पूर्ण गुण. बोली मंजूर झाल्यावर बोलावण्यापेक्षा बोलीच्या आधी बोलावता आलं तर ‘तपासणीची अट’ न घालता निर्धास्त बोली लावता येते, आणि विक्रेत्याला अटीविना बोली आवडते. घर हातचं गेलं तर पाचशे युरो बुडाले, एवढंच.

खरेदीदाराचा एजंट, इथल्या भाषेत माकेलार: साधारण अडीच ते साडेचार हजार. त्याची किंमत भावाच्या अंदाजात आणि विक्रेत्याच्या एजंटशी असलेल्या ओळखीत. ‘अमुक आकडा टाका’ एवढंच तो सांगत असेल तर पैसे वाया. ‘विक्रेत्याला ताबा कधी द्यायचा आहे, तो कुठे जातोय’ हे काढून आणत असेल तर घ्या. कित्येक घरं दोन-चार हजार जास्त देणाऱ्याला न जाता ताब्याची तारीख जुळवणाऱ्याला मिळतात. विक्रेत्याचा एजंट विक्रेत्याचाच असतो. तो कॉफी पाजतो म्हणून त्याला बजेट सांगू नका. एजंटांच्या संघटनांच्या सभासदांना २०२३ पासून बोलींची नोंदवही ठेवावी लागते, आणि व्यवहार पक्का झाल्यावर तुम्हाला ती पाहता येते.

कर्जसल्लागार: दोन ते साडेतीन हजार. परदेशी नोकरदारांची प्रकरणं हाताळलेला हवा. तात्पुरता करार असेल तर कंपनीकडून ‘पुढे कायम करण्याचा इरादा आहे’ असं पत्र लागतं, आणि तात्पुरत्या निवास परवान्यावर प्रत्येक बँकेची भूमिका वेगळी. हप्त्यावर घेतलेला मोबाइलही कर्जनोंदीत दिसू शकतो, तो आधी फेडून टाका.

नोटारिस: वकील म्हणा किंवा सब-रजिस्ट्रार, दोघांच्या मधलं काहीतरी, तेही निष्पक्ष. खरेदी आणि कर्ज अशा दोन दस्तांचे मिळून दीड-दोन हजार. डच येत नसेल तर शपथ घेतलेला दुभाषी घ्यावाच लागतो, त्याचे वेगळे. सहसा नोटारिस खरेदीदार निवडतो. तीन ठिकाणी भाव विचारा, फरक पडतो.

हिशोब आणि तारखा

बँक कर्ज देते ते मूल्यांकनाच्या जास्तीत जास्त १०० टक्के, बोलीच्या नव्हे. घर ४ लाख ८० हजारांना घेतलं आणि मूल्यांकन ४ लाख ६५ हजार आलं, तर वरचे १५ हजार खिशातून. हस्तांतरण कर २ टक्के, ९,६००. एजंट ३,५००, तपासनीस ५००, मूल्यांकन ८००, कर्जसल्ला ३,०००, नोटारिस १,८००, दुभाषी ४००. बेरीज ३४,६०० युरो, रोख. यातला कर्जसल्ला, मूल्यांकन आणि कर्जाच्या दस्ताची फी त्या वर्षीच्या आयकरात वजा मिळते. हस्तांतरण कर आणि एजंटची फी मिळत नाही.

पस्तिशीच्या आत असाल तर हस्तांतरण कर आयुष्यात एकदा माफ होतो, पण घराची किंमत मर्यादेत हवी: २०२६ साठी ५ लाख ५५ हजार. मर्यादा एका युरोने ओलांडली तरी सगळ्या रकमेवर कर लागतो. ५,५५,००० ऐवजी ५,५६,००० ची बोली म्हणजे एक हजार नव्हे, बारा हजारांवर जास्त. आणि वय धरतात ते नोटारिसकडच्या दस्ताच्या दिवशीचं, बोलीच्या दिवशीचं नाही. वाढदिवस जवळ असेल तर ताबा अलीकडे ओढा.

तोंडी ‘घर तुमचं’ याला खाजगी खरेदीत काही अर्थ नसतो. सही झाली की व्यवहार. सही केलेल्या कराराची प्रत हातात आल्यावर दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस विनाकारण माघार घेता येते, आणि त्यांतले किमान दोन दिवस सुट्टी नसलेले असावे लागतात. त्यानंतर मागे फिरलात तर किमतीच्या १० टक्के दंड, म्हणून करारात साधारणतः तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटी मागतात. ‘कर्ज मिळालं नाही तर व्यवहार रद्द’ ही कर्जाची अट मात्र सोडू नका, कितीही घाई असली तरी. कर्ज नाकारलं गेलं तर बँकेचं लेखी पत्र मुदतीच्या आत द्यावं लागतं. एक दिवस उशीर झाला तर अट संपली. करारात ‘जुनं घर’ नावाचं कलम असेल तर त्याचा अर्थ एवढाच: पाया, फरशी, पाइप यांबद्दल पुढे विक्रेत्याला बोलायचं नाही. पोकळीत उतरून पाहिलंय का, हे इथे कामाला येतं.

भारतातून पैसे आणायचे असतील तर घर शोधायच्या आधी हलवा. आई-वडील भारतात राहत असतील तर त्यांना एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के आगाऊ कर कापते. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, मधले महिने अडकतो. स्वतःचा पुण्यातला फ्लॅट विकणार असाल तर अनिवासी म्हणून खरेदीदार कर कापूनच पैसे देईल. कमी कपातीचा दाखला आधी काढला नाही तर मोठी रक्कम अडकते. उरलेले पैसे अनिवासींच्या एनआरओ खात्यातून सीएच्या प्रमाणपत्राने निघतात. डच बँक आणि नोटारिस दोघेही पैसा आला कुठून ते विचारतात. विक्रीखत, बक्षीसपत्र, खात्याचे उतारे इंग्रजीत तयार ठेवा. या सगळ्याला कित्येक आठवडे लागतात, आणि गॅरंटीची मुदत तेवढी नसते.

किल्लीच्या दिवशी

दस्ताच्या सकाळी घराची शेवटची पाहणी असते. तिला अर्धा तास नाही, दीड तास घ्या. विक्रेत्याने सही केलेली ‘काय राहणार, काय जाणार’ ही यादी हातात ठेवा. इथे लॅमिनेट, पडदे, दिव्यांची होल्डरंसुद्धा काढून नेतात आणि यादीत तसं लिहिलेलं असेल तर ते रीतसर असतं. सगळे नळ एकदम सोडा, बॉयलर सुरू करून प्रत्येक रेडिएटर हाताला लागतो का पाहा, वरच्या मजल्यावर पाणी सोडून पोकळीत पुन्हा एकदा विजेरी मारा. वीज, गॅस, पाण्याच्या मीटरचे फोटो काढा. काही बिघडलेलं दिसलं तर ‘नंतर बघू’ म्हणू नका; नोटारिसपुढे सही होण्याआधी रक्कम रोखून ठेवता येते, सही झाल्यावर नाही. घरविमा त्याच दिवसापासून सुरू झालेला असावा, आणि बागेच्या मागच्या फाटकाची किल्ली वेगळी मागून घ्या, ती विक्रेते हमखास विसरतात.